कीबोर्डच्या आधीच्या मुंग्या

आम्हा आयटीवाल्यांचा एक लाडका समज आहे, की कार्पल टनेल सिंड्रोम हा "आपला" आजार. दिवसभर कीबोर्ड बडवला, माउस फिरवला, की मनगट गेलंच म्हणून समजा. या समजात थोडं हौतात्म्यही आहे, त्यामुळे तो सोडवत नाही :-) पण इतिहास चाळायला घेतला की कळतं, हा आजार कॉम्प्युटरच काय, दुकानात टाइपरायटर यायच्याही आधीचा आहे.

आधी थोडी रचना. मनगटात तळव्याच्या बाजूला एक बोगदा असतो. तीन बाजूंना हाडं आणि वर लिगामेंटचा जाड पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मिडियन नर्व्ह नावाची नस जाते. बोगद्याचा आकार ठरलेला, त्यामुळे आत जरा सूज आली की नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेला मुंग्या. करंगळी सुटते, कारण तिची नस दुसऱ्या रस्त्याने जाते.

आता गंमत बघा. १८५० च्या दशकात लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली. मनगटाजवळ हाड मोडलं, ते जुळताना जास्तीचं हाड वाढलं आणि ही नस दबली. अंगठ्यावर आणि दोन बोटांवर जखमा झाल्या, काही केल्या भरेनात. शेवटी मनगट असं बांधून ठेवलं की नसेवरचा दाब कमी होईल. जखमा भरल्या! हात पुन्हा कामाला लावला, तर पुन्हा आल्या. म्हणजे या नसेच्या दुखण्यावरचा हा अगदी सुरुवातीचा नोंदलेला इलाज म्हणजे चक्क एक पट्टी. आणि तिची मर्यादाही त्याच नोंदीत आहे.

१८८० साली बोस्टनच्या जेम्स पुटनम यांनी ३७ रुग्णांबद्दल लिहिलं. बहुतेक बायका. रात्री किंवा पहाटे हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला किंवा पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. हे वाचताना मी थबकलो. आपल्याकडे किती घरांत पहाटे कुणीतरी असा हात झटकत बसलेलं असतं, आणि त्यावर उत्तर एकच: "दिवसभर काम, होणारच!" पुटनम यांना मनगटातलं कारण सापडलं नाही, पण निदान त्यांनी ऐकून तरी घेतलं.

पुढे तपास भलतीकडेच गेला. दोष मानेजवळच्या बरगडीचा मानला गेला आणि कित्येकांच्या बरगड्या काढल्या गेल्या. बग मनगटात आणि पॅच मानेत! खरं तर १९१३ सालीच फ्रान्समध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात त्या पट्ट्याशी सुजलेली नस पाहिली होती, आणि वेळेत ओळखलं तर पट्टा कापून पुढचं नुकसान टाळता येईल असं सुचवलंही होतं. पण १९४७ साली रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांवरच्या शस्त्रक्रियेचा लेख छापला, त्यानंतर कुठे हे सर्वत्र पोचायला लागलं.

मग आला बिनशस्त्रक्रियेच्या उपायांचा काळ. १९५० च्या दशकात हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन. १९७० च्या दशकात अमेरिकेत बी-६ जीवनसत्त्वाची लाट. लोक भरमसाट गोळ्या घ्यायला लागले. १९८३ साली एका अहवालात रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांच्या नसाच बिघडल्याचं समोर आलं. मुंग्या घालवायला गोळ्या आणि गोळ्यांनी मुंग्या! नंतरच्या चाचण्यांत त्या जीवनसत्त्वाचा खास फायदाही दिसला नाही.

१९८१ साली गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यातला दाबच मोजला. निरोगी हातात सरळ मनगटाला सरासरी २.५ मिलिमीटर पारा, रुग्णांत ३२. मनगट पूर्ण खाली वाकवलं तर रुग्णांत ९४, मागे वाकवलं तर ११०. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, म्हणून रात्रीचा त्रास. आणि म्हणूनच स्प्लिंट सरळ हवा, रात्री हवा. शंभरेक वर्षांनी पट्टीला आकडे मिळाले.

एक धागा पुण्याचाही आहे. १९९८ साली अमेरिकेत ४२ जणांवर अय्यंगार पद्धतीच्या योगाची आठ आठवडे चाचणी झाली. पकड सुधारली, वेदना कमी झाली. नसेच्या वहनात मात्र ठळक फरक नव्हता. चाचणी छोटी, तेव्हा ढोल बडवू नयेत, पण कानाडोळाही करू नये.

मग स्प्लिंट की ऑपरेशन? नेदरलँड्समध्ये २००२ साली १७६ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. १८ महिन्यांनी ऑपरेशनवाले ९० टक्के बरे, स्प्लिंटवाले ७५. पण या स्प्लिंटवाल्यांतल्या ४१ टक्क्यांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलेलं होतं. २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच.

आणि आपला कीबोर्ड? २००१ साली मेयो क्लिनिकच्या पाहणीत सतत कॉम्प्युटर वापरणाऱ्यांत हा आजार साधारण लोकांइतकाच आढळला. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह, हाताची जोर लावून होणारी तीच तीच कामं, हे जास्त मोठे संशयित. म्हणजे आपल्या क्यूबिकलपेक्षा घरचं स्वयंपाकघर आधी तपासायला हवं.

या सगळ्यातून मी एवढंच घेतलं: त्रास नवा आणि येऊन जाऊन असेल, तर रात्रीचा सरळ स्प्लिंट हा शहाणपणाचा पहिला उपाय. पण बधिरपणा दिवसरात्र टिकला, हातून वस्तू पडायला लागल्या, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला, तर पट्टी बांधून वाट बघत राहू नये, डॉक्टर गाठावा. वाळलेला स्नायू परत भरेलच असं नाही. १९१३ साली लिहिलं गेलेलं "वेळेत" आजही तितकंच खरं आहे.