फ्रिअर रोडवरच्या लॉऱ्या

परवा नातवाला घेऊन उरणला एका नातेवाइकाकडे निघालो होतो. करळ फाट्याजवळ गाड्यांची ही भली मोठी रांग. मी वैतागलो, पण नातू खूश! काचेला नाक लावून ट्रेलरची चाकं मोजत बसला. "आजोबा, हा बावीस चाकांचा!" म्हटलं, एक पिढी ओलांडून हे वेड बरोबर खाली उतरलंय.

माझं लहानपण घोडपदेवच्या चाळीत गेलं. १९६० नंतरची ती चार-पाच वर्षं. शाळा सुटली की आम्ही दोघं-तिघं मित्र चालत फ्रिअर रोडला जायचो आणि वाडीबंदरच्या गोदामांसमोर फुटपाथवर उभे राहायचो. (आज त्या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहे.) ट्रक हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, सगळ्या लॉऱ्याच. माझ्याकडे एक वही होती. तारीख, लॉरीची जात, चाकं, काय माल भरलाय, सगळं त्यात लिहायचं. दिवसाला वीस-पंचवीस नोंदी तरी व्हायच्या.

आता विचार केला की वाटतं, त्या वहीत देशाचा इतिहासच होता. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची, प्रिन्सेस डॉक १८८० चा, अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) १९१४ चा. सुरुवातीला माल बैलगाड्यांनी जायचा. १९१५ पासून बंदराची स्वतःची रेल्वे आली. लॉऱ्या खऱ्या वाढल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ मध्ये डॉज ट्रक जोडायला सुरुवात केली. तिथलेच फार्गो. डॉज आणि फार्गो ही जुळी भावंडं, नावाची पट्टी सोडली तर ओळखू येणं मुश्कील. आमची भांडणं त्यावरूनच व्हायची! कलकत्त्याकडे हिंदुस्तान मोटर्स बेडफर्ड बनवायची. मद्रासहून अशोक लेलँडचे कॉमेट यायचे. लेलँडचा हिप्पो मात्र क्वचित. तीन आस, दहा चाकं. तो दिसला की दिवस सार्थकी लागायचा.

आणि टाटा-मर्सिडीज. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मन कंपनीशी करार केला, म्हणून नाकावर ती तीन टोकांची चांदणी. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिथे 'टी' आला. पुढची कितीतरी वर्षं आमचे लोक त्या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत होते.

मालाचंही तसंच. अमेरिकेतून पीएल ४८० खाली गहू यायचा. १९६५ आणि ६६ असे लागोपाठ दुष्काळ पडले, आणि १९६६ या एका वर्षात देशाने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला गहू पोत्यांतून लॉरीत चढायचा. वहीत मी लिहायचो, 'फार्गो, सहा चाकं, गहू.'

पण तो गहू चढवायचं कोण?

आमचे आबा. पाटण तालुक्यातून मुंबईला आलेला माणूस. एका टोळीत हमाली करायचे. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात लोखंडी आकडा. लॉरीचा फाळका पाडून त्याला लाकडी फळी लावायची आणि सुमारे शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन त्या हलत्या फळीवरून हौद्यात चढायचं. एका लॉरीत सत्तर-ऐंशी पोती. मजुरी टोळीवाल्याच्या हातात, तो देईल ती. काम लागलं तर लागलं, नाहीतर दिवस कोरडा.

एके दिवशी हिप्पो आला. मी धावतच पुढे गेलो. चाकं मोजून मान वर केली तर फळीवर आबा. पाठ वाकलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. आमची नजरानजर झाली. माझ्याबरोबर वर्गातली मुलं होती. त्यातल्या एकाचे वडील गोदीत कारकून होते. मी हाक मारली नाही. वही उघडून हिप्पो लिहिला आणि मागे वळलो.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, "काय रे, किती गाड्या झाल्या आज?" मी म्हटलं, "बावीस." ते "बरं" म्हणाले आणि भाकरी मोडू लागले. त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मीही नाही. पुढे पस्तीस वर्षं शाळेत मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावले, प्रत्येक वेळी ती फळी डोळ्यांसमोर यायची.

१९६९ मध्ये अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे माथाडी कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस. आबांना पुढे ओळखपत्र मिळालं, ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची फी त्या बोनसातून भरली गेली.

तिकडे जगात वेगळीच गंमत चालली होती. माल्कम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकमालकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ डबे जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. पोती उचलायचीच नाहीत, अख्खा डबाच उचलायचा! तो डबा आपल्याकडे स्थिरावला तो न्हावा-शेवा बंदरामुळे. ते सुरू झालं मे १९८९ मध्ये. वीस फुटी डब्यात सहज वीस टन माल मावतो, म्हणजे आबांची दोनशे पोती. क्रेन तो दोन-तीन मिनिटांत ट्रेलरवर ठेवते. चार कोपऱ्यांना चार खटके, झालं काम. वाडीबंदरची ती गर्दी हळूहळू ओसरली.

मला याचं वाईट वाटत नाही. ज्याने ती पाठ पाहिली आहे, तो क्रेनला नावं ठेवणार नाही. साठीत आबांना सरळ झोपता येत नव्हतं. फक्त एक झालं. पूर्वी फुटपाथवरच्या पोरालाही माल चढवणारा माणूस दिसायचा, पाहायचं नसलं तरी. आता डबा बंद, त्याला सील. आत मात्र कुठल्यातरी गोदामात कुणीतरी हातांनीच खोकी रचलेली असतात.

असो. रांग सरकली. नातवाने मोबाईलमध्ये चाकांचा आकडा टिपला. मी त्याला म्हटलं, "खाली अजून एक ओळ लिही. भरणारा कोण, ते माहीत नाही." त्याने कारण विचारलं. उरण येईपर्यंत मी त्याला आबांबद्दल सांगत होतो. हिप्पोच्या दिवसाचंही सांगितलं. घरात ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.