मदर तेरेसांची वेदना आणि संतपदाचा प्रश्न

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ईश्वराचे सान्निध्य जाणवत नसल्याची वेदना त्यांनी अनेक दशके सोसली होती, हे त्यांतून उघड झाले. तरीही ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. या अंधाराचा अर्थ ख्रिस्ती धर्मातील दोन प्रमुख परंपरा वेगळ्या रीतीने लावतात.

कॅथलिक शिकवणीनुसार मनुष्य आपले दुःख ख्रिस्ताच्या क्रूसावरील यातनांशी जोडून इतरांसाठी अर्पण करू शकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मधील धर्मपत्रात हाच विचार मांडला. अंधारातही सेवा न सोडणे ही या दृष्टीने श्रद्धेची साक्ष ठरते. संत घोषित झालेल्या व्यक्तीकडे मध्यस्थीची प्रार्थनाही केली जाते.

प्रोटेस्टंट परंपरेत ख्रिस्ताचे बलिदान स्वयंपूर्ण मानले जाते. मानवी दुःखाने त्यात भर पडत नाही. तारण केवळ कृपेने, श्रद्धेद्वारे मिळते, असे मार्टिन ल्यूथर यांचे प्रतिपादन होते. १५३० च्या ऑग्सबर्ग श्रद्धानिवेदनाने संतांचे स्मरण व अनुकरण मान्य केले; परंतु त्यांच्याकडे याचना करणे नाकारले. मात्र, श्रद्धावंताच्या मनातील घोर व्याकुळता ल्यूथर यांनी स्वतः अनुभवली होती.

कॅथलिक व ल्यूथरन चर्चनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्राद्वारे कृपेविषयी मूलभूत एकमत नोंदविले. संतांच्या मध्यस्थीचा वाद मात्र कायम आहे. संशय म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे, याबाबत मात्र दोन्ही परंपरा एकमेकींच्या निकट येतात.