मुळशीतलं घर: दोरीपासून संगणकापर्यंत

मुळशी तालुक्यात जमिनीचा नकाशा आधी आला, घराचा फार नंतर. मुंबई इलाख्याची इंग्रजी जमीनमोजणी १८३०च्या दशकात आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ते माप अजून सुटलेलं नाही. पिरंगुट-भुकूमला जागेचा भाव गुंठ्यावर ठरतो, सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये असतं, गवंडी फुटात बोलतो आणि मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये द्यावा लागतो.

मी पौडला घरांचे नकाशे काढते. संगणकावर आपलं घर आपणच काढायला बसलेली माणसं अडली की माझ्याकडे येतात. त्यांच्या अडचणी ऐकताना मला या तालुक्यातल्या बांधकामाची जुनी रीत आठवते, कारण प्रोग्राम जिथे अडतो, तिथे आपल्या सुतार-गवंड्यांनी पूर्वीच उपाय शोधून ठेवला आहे.

माझे आजोबा कोळवण खोऱ्यात सुतारकाम करत. त्यांच्या काळी घर खणांवर मोजत. खांबापासून खांबापर्यंत एक खण; घर तीन खणी की पाच खणी एवढं सांगितलं की किती खांब, किती तुळया, किती वासे लागणार याचा अंदाज सुताराला येई. आखणी जमिनीवरच व्हायची. खुंट्या नेमक्या कोपऱ्यावर ठोकत नसत. त्या हातभर बाहेर ठोकायच्या आणि दोन्ही दोऱ्या एकमेकींना छेदून पुढे न्यायच्या. छेदतील तो कोपरा. पाया खणताना कोपऱ्यावरची खुंटी उखडते, बाहेरची राहते. एका दोरीवर तीन हात, दुसरीवर चार हात घेऊन तिरकं अंतर पाच हात भरलं, की कोपरा गुण्यात. उभेपणा ओळंब्याने पाहायचा, सपाटी पाणसळीने. जोतं दगडी, भिंती दगडमातीच्या नाहीतर कारवीच्या कुडाच्या, वर कौलं. आढ्यापासून निघालेला उतार माजघरावरून, ओटीवरून थेट पडवीच्या कडेपर्यंत एकसंध उतरायचा. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे पाण्याला अडायला जागा ठेवून चालत नाही.

याच तालुक्यातल्या खोऱ्यांनी नकाशावरच्या एका रेषेची ताकदही पाहिली. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीचं धरण ठरलं, तेव्हा पाणी कुठपर्यंत चढणार याची पातळी आखली गेली आणि पन्नासच्या आसपास गावांची घरं-शेतं तिच्या खाली सापडली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना सेनापती ही ओळख याच लढ्याने दिली. धरण झालं, भातखाचरं पाण्याखाली गेली. नकाशा म्हणजे नुसता कागद, असं मुळशीत कुणी म्हणू नये. कागदावरचा आकडा जमिनीवर जाऊन पडताळण्याचा माझा आग्रह याच इतिहासातून आला आहे.

घराचा कागदी नकाशा गावोगाव पोचला तो बिनशेती परवानगी आणि बँकेचं कर्ज यांच्या मागून. १९६६च्या जमीन महसूल संहितेनंतर शेतजमिनीवर घर बांधायचं तर आराखडा जोडणं आलं. मी शिकले तेव्हा ड्रॉईंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर होता. चुकलेली शाईची रेघ दाढीच्या ब्लेडने खरवडायची आणि पुण्याला जाऊन अमोनिया प्रिंट काढून आणायची. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभं राहू लागलं, भूगाव-बावधनला इमारती चढल्या आणि बोर्डाची जागा संगणकाने घेतली. ऑटोकॅड १९८२ सालचं; आमच्याकडे ते उशिरा आलं. स्केचअप २००० मध्ये निघालं, स्वीट होम थ्रीडी २००६ मध्ये, आणि नकाशा काढणं घरमालकाच्याही हातात आलं. मला हे फार चांगलं वाटतं. ज्या बाईला त्या स्वयंपाकघरात आयुष्य काढायचं आहे, तिने ओट्याची जागा स्वतः ठरवावी.

अडचणींत पहिली मापाची. कॅडमधला आकडा हा नुसता आकडा असतो. तो फूट की मिलिमीटर हे आपण सांगायचं. फुटात काढलेली १० बाय १२ची खोली मिलिमीटरच्या फाइलमध्ये आणली, की बोटाच्या पेराहून लहान होते. उपाय एकच: माप ठाऊक असलेली वस्तू मोजायची. दार तीन फुटांचं आहे ना? फाइलमध्ये ते ३ दिसलं आणि मिलिमीटर हवे असतील, तर सगळं ३०४.८ पटीने वाढवायचं. दुसरी गफलत दशांशाची. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.५ फूट. पुष्कळ जण १०.६ लिहितात आणि भिंत इंचभराहून जास्त लांबते. मग टाइल बसत नाही आणि दोष गवंड्याला येतो.

दुसरी अडचण न मिटलेल्या कोपऱ्यांची. पडद्यावर दोन भिंती जुळलेल्या दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. खोली बंद होत नाही, क्षेत्रफळ येत नाही, फरशी भरली जात नाही. इथे आजोबांची दोरी कामाला येते: दोन्ही रेषा कोपऱ्याच्या पुढे वाढवायच्या आणि छेदाच्या पलीकडचं कापायचं. कॅडमध्ये फिलेटची त्रिज्या शून्य ठेवली की हेच एका फटक्यात होतं.

तिसरी अडचण मोजणीच्या नव्या नकाशांतून आली. उपग्रहाच्या आधाराने मोजलेल्या प्लॉटचे आकडे विषुववृत्तापासून धरलेले असतात. मुळशीत ते वीस लाख मीटरांच्या पुढे जातात. असा प्लॉट तसाच थ्रीडीत घेतला की रेषा थरथरतात, भिंती लुकलुकतात, कारण इतक्या मोठ्या आकड्यापुढे मिलिमीटरचा हिशोब राखणं प्रोग्रामला जमत नाही. जुने मोजणीदार हद्दीच्या दगडापासून माप धरत. तसंच करायचं: प्लॉटचा एक कोपरा शून्यावर आणून ठेवायचा आणि त्याचे मूळ आकडे फाइलमध्ये लिहून ठेवायचे.

चौथी, आणि मुळशीत सर्वांत महागात पडणारी, छपराची आणि जमिनीची. घराचे सोपे प्रोग्राम जमीन सपाट धरतात आणि पुष्कळदा प्रत्येक खोलीवर वेगळं छप्पर चढवतात. दोन छपरांच्या सांध्यात पन्हळ तयार होते आणि पहिल्याच आषाढात तिथून पाणी आत येतं. त्यासाठी पडवीसकट सगळ्या घराभोवती एकच चौकोन काढावा, छप्पर त्यावर ठेवावं आणि उंची आढ्यापासून खाली मोजावी. उतारावरच्या प्लॉटवर पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पातळी आधी घ्यावी. वरच्या कोपऱ्याला दोन फुटांचं जोतं खालच्या कोपऱ्याला सहा फुटांचं होऊ शकतं, आणि तो दगड, तो भराव खर्चात धरावा लागतो.

मराठी अक्षरांचाही प्रश्न आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं देवघर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गुंता होऊन उमटतं. नावं युनिकोडमध्ये लिहावीत आणि सोबत पीडीएफ द्यावी. वीज गेली आणि ऑटोकॅडची फाइल उघडेना, तर तिच्याच शेजारी डॉट बॅक नावाची जुनी प्रत बहुधा असते. तिचं शेपूट बदलून डॉट डीडब्ल्यूजी केलं की काम पुष्कळसं परत मिळतं. आपल्याकडच्या भारनियमनाच्या वर्षांत या एका गोष्टीने कितीतरी नकाशे वाचवले.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) २०१५ मध्ये झालं, राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली २०२०च्या डिसेंबरात आली. आता नकाशाची फाइलच तपासणीला जाते, मापं संगणक वाचतो. म्हणून फाइल स्वच्छ असणं ही आज गरज आहे. पण दुसरं एक काम मला अधिक तातडीचं वाटतं. कोळवण खोऱ्यात, ताम्हिणीच्या वाटेवर जुनी खणांची घरं अजून उभी आहेत आणि दर पावसाळ्यात काही पडताहेत. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर, एका टेपने आणि दोन माणसांनी असं घर दिवसभरात मोजून काढता येतं: खणांची अंतरं, जोत्याची उंची, आढं, छपराचा उतार, पडवीची रुंदी. या पावसात कोणता उतार टिकतो याचं उत्तर त्या मापांत आहे, आणि नवं घर काढायला बसणाऱ्याला ते कुठल्याही तयार नमुन्यात मिळणार नाही. आपल्या गावातलं एक तरी जुनं घर यंदाच्या पावसाआधी मोजून घ्या.