रॅटाटुई : बॅकएंड लायब्ररी

टर्मिनलमध्ये चौकटी, तक्ते, याद्या व आलेख दाखवणारे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी रस्ट भाषेत रॅटाटुई ही लायब्ररी वापरतात. ‘टीयूआय-आरएस’ या जुन्या प्रकल्पाची देखभाल थांबल्यावर २०२३ मध्ये त्यातून ती निघाली. पडद्यावर काय दिसावे हे रॅटाटुई ठरवते; प्रत्यक्ष टर्मिनलशी बोलण्याचे काम बॅकएंडकडे असते.

कार्यपद्धती : रॅटाटुई आधीचे व नवे चित्र दोन बफरमध्ये ठेवून ताडून पाहते आणि बदललेली अक्षरस्थानेच बॅकएंडला देते. कर्सर हलवणे, रंग बदलणे, पडदा पुसणे यांच्या एस्केप सीक्वेन्स बॅकएंड पाठवतो. कीबोर्ड व माऊस यांची नोंद मात्र रॅटाटुई घेत नाही. त्यासाठी बॅकएंडची लायब्ररी थेट वापरावी लागते.

क्रॉसटर्म : रॅटाटुईचा पूर्वनिर्धारित पर्याय. लिनक्स, मॅकओएस व विंडोज तिन्हींवर चालतो. विंडोजवर कळ दाबल्याची आणि सोडल्याची अशा दोन घटना येतात. घटनेचा प्रकार तपासला नाही, तर एकदा दाबलेल्या बाणाने यादीतली निवड दोन ओळी पुढे सरकते.

टर्मिऑन : रेडॉक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातून आलेली आटोपशीर लायब्ररी. युनिक्स घराण्यातील प्रणालींवरच चालते. रॉ मोड (कळा थेट प्रोग्रॅमकडे पोचवणारी टर्मिनलची अवस्था) धरून ठेवणारे मूल्य नष्ट होताच टर्मिनल आपोआप पूर्वस्थितीत येते. क्रॉसटर्ममध्ये रॉ मोड स्वतः बंद करावा लागतो.

टर्मविझ : वेझ फर्लाँग यांच्या वेझटर्म या टर्मिनल एम्युलेटरचा भाग. वेझटर्मशी निगडित काम असेल तेथे सोयीची.

टेस्टबॅकएंड : खऱ्या टर्मिनलऐवजी मेमरीत चित्र काढतो. अपेक्षित पडदा व निघालेला पडदा यांची तुलना करून चाचण्या लिहिता येतात.

निवड : बॅकएंड बदलला तरी चित्र रेखाटणारा कोड बहुतांशी तसाच राहतो, बदलतो तो कळा वाचणारा आणि टर्मिनल सुरू-बंद करणारा भाग. म्हणून दिसण्यापेक्षा प्रोग्रॅम कोणत्या प्रणालींवर चालणार, हे आधी पाहावे. विंडोजवरचे वापरकर्ते अपेक्षित असतील तर टर्मिऑन बाद होतो, आणि बहुतेक नव्या प्रकल्पांना क्रॉसटर्म पुरेसा ठरतो. एकाच प्रोग्रॅममध्ये क्रॉसटर्मच्या दोन आवृत्त्या येऊ देऊ नयेत : प्रत्येकीची घटनांची रांग व रॉ मोडची नोंद स्वतंत्र असल्याने कळा हरवू शकतात.