दुधाचे व्रत आणि पिंजऱ्यातील कोंबडी

राजगडाच्या पायथ्याशी, पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, गुंजवणे नावाचे गाव आहे. पावसाळी भातशेती, उतारावरची नाचणी, दावणीला दोनचार गुरे आणि अंगणात गावरान कोंबड्या, असा या खोऱ्यातील जुना संसार. सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या उकिरडा उकरीत हिंडतात आणि तिन्हीसांजेला आपण होऊन घराकडे वळतात. खुडूक झालेल्या कोंबडीला अंड्यांवर बसवावे, तिच्या पिल्लांना घारीपासून राखावे, ही घरोघरची रीत. पाहुणा आला की तिच्याच मानेवर सुरी फिरते, हेही खरे. परंतु तोवर ती कोंबडी म्हणून जगलेली असते.

अशा गावाच्या नजरेने पाहिले तर मांसाबरोबर दूध, अंडी आणि मधही वर्ज्य करणारी ‘व्हीगन’ मंडळी विक्षिप्त वाटल्यास नवल नाही. श्रीमंतांचे परदेशी खूळ, असा शिक्काही आपण चटकन मारतो. परंतु या विचाराच्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने आपल्याच मुंबई-पुण्याच्या परिसरात लिहिली गेली आहेत.

ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन या शिक्षकाने ‘व्हीगन’ हा शब्द घडविला तो 1944 साली. त्याच्या बत्तीस वर्षे आधी, 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी आणि त्यांचे सहकारी कॅलनबाख यांनी दूध सोडले होते. कलकत्त्याचे गवळी अधिक दुधासाठी गायी-म्हशींवर ‘फुंक्या’चा जो अघोरी प्रयोग करीत, त्याची वर्णने गांधीजींच्या वाचनात आली होती. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होताच. परंतु बाजारासाठी जनावराचे यंत्र करणाऱ्या क्रौर्याविरुद्धचा तो नकारही होता. पुढे 1918 मध्ये खेड्याच्या मोहिमेनंतर ते आमांशाने अगदी खंगले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, तेथून मुंबईत आणले. डॉक्टर दलाल यांनी दूध घेतल्याखेरीज प्रकृती सुधारणार नाही असे बजावले. व्रत तर आड येत होते. तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचविली. गांधीजींनी ती स्वीकारली. मात्र शब्द पाळला गेला तरी व्रताचा आत्मा मोडला, ही बोच त्यांनी आत्मचरित्रात लपविलेली नाही. मला स्वतःला या व्रताहून ही कबुली अधिक मोलाची वाटते.

पुढचे पान उरुळी कांचनचे. 1946 च्या मार्च महिन्यात गांधीजी तेथे निसर्गोपचारासाठी राहिले आणि कार्य चालविण्यास मणिभाई देसाई यांना मागे ठेवून गेले. त्याच मणिभाईंनी 1967 मध्ये ‘बाएफ’ संस्था उभारली. जर्सी, होल्स्टीन यांसारख्या विदेशी जातींच्या कृत्रिम रेतनातून संकरित गायींचा प्रसार झाला आणि असंख्य गरीब घरांत दुधाचा पैसा आला. या उपकाराला कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि प्रश्न उरतोच: गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि निम्मी वासरे नर असतात. ट्रॅक्टर आल्यावर त्या गोऱ्ह्याचे काय करायचे? 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. परंतु बंदीने चारा उगवत नाही.

कोंबडीची कथा याहून कठोर आहे. इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांनी 1964 साली ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक लिहून कारखानी पशुपालनावरचा पडदा दूर केला. आपल्याकडे हा धंदा फोफावला तो त्यानंतर. 1982 मध्ये अंडी-उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली आणि रोज अंडे खाण्याचा तिचा प्रचार घरोघरी पोहोचला. अंडे गरिबाच्या आवाक्यात आले, ही मिळकत लहान नव्हे. तिची किंमत मात्र तारेच्या पिंजऱ्यातील कोंबडीने मोजली. तेथे तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही. शेजारणीला टोचू नये म्हणून चोच छाटली जाते. अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले तर जन्मताच निरुपयोगी ठरून मारली जातात. पुण्यातच 1974 मध्ये डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ची भारतीय शाखा सुरू झाली आणि असा व्यवहार उघड करण्याचे काम तिने चिकाटीने केले आहे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा त्याग अगदीच अपरिचित नाही. मध्ययुगात उपवासकाळाचे चाळीस दिवस मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी हे सारेच वर्ज्य असे. ईस्टरच्या अंड्यांचा आनंद त्या दीर्घ विरहातून आला आहे. मात्र संत थॉमस अक्वायनस यांनी या नियमाचे कारण दिले ते जिभेच्या संयमाचे. प्राण्याच्या दुःखाचा त्यात विचार नव्हता. तो धागा बायबलमध्ये अन्यत्र आहे: मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. आपल्या काळात कार्डिनल रॅटझिंगर यांनी, पोप होण्यापूर्वी, पीटर झीवाल्ड यांच्याशी झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संवादात, दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्या पक्ष्याचे विडंबन होऊन जातात, असे स्पष्ट म्हटले. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ आले ते 2015 मध्ये.

कायद्याचे म्हणाल तर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा त्यात गुन्हाच आहे. युरोपीय संघाने 1999 मध्ये ठरवून 2012 पासून उघडेबोडके पिंजरे बंद केले. आपल्या विधी आयोगाने 2017 मध्ये कोंबड्यांच्या राहणीवर स्वतंत्र अहवाल दिला, सोबत नियमांचे मसुदेही जोडले.

या साऱ्यात एका माणसाचा विचार क्वचितच होतो. कंत्राटावर ब्रॉयलर वाढविणाऱ्या शेतकऱ्याची शेड स्वतःची, कर्जही स्वतःचे. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे. सहा आठवड्यांनी पक्षी वजनावर जातात आणि याच्या हाती किलोमागे संगोपनाची मजुरी पडते. कोंबडीला किती जागा द्यायची, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसतो. उद्या शहरातील शंभर घरांनी अंडी सोडली, तर पहिली झळ लागेल ती त्यालाच. आणि त्याच घरांनी अंगणात हिंडणाऱ्या कोंबडीचे अंडे दोन रुपये अधिक देऊन मागितले, तर गुंजवण्याच्या खुराड्यालाही गिऱ्हाईक मिळेल.