वजातून वजा: चिन्ह नक्की कोणाचं बदलतं?

शाळेत पाठ केलेलं 'वजा वजा अधिक' तुम्हाला आठवत असेलच. त्याच्या जोरावर कितीतरी मुलं −५ − ३ चं उत्तर +८ लिहितात. खरं तर हे सूत्र गुणाकाराचं. मग वजाबाकीचा नियम काय? तो आपल्याकडे फार पूर्वीच नेमका मांडला गेला आहे.

इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले. धन म्हणजे पैसा, ऋण म्हणजे कर्ज. वजाबाकीचे प्रकार त्याने वेगवेगळे सांगितले: धनातून धन, ऋणातून ऋण, शून्यातून धन, शून्यातून ऋण वगैरे. सगळे बरोबर, पण लक्षात ठेवायला बरेच.

११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या 'बीजगणित' भागात भास्कराचार्यांनी हे सगळं एका नियमात बसवलं. जी संख्या वजा करायची, फक्त तिचं चिन्ह उलटवा आणि मग बेरीज करा. उदाहरणाला त्यांनी ३ आणि २ घेतले. ऋण दाखवायला ते अंकावर टिंब देत. आजच्या चिन्हांत लिहायचं तर:

३ − २ = १
−३ − (−२) = −१
३ − (−२) = ५
−३ − २ = −५

पहिल्या संख्येला कुठेही हात लावलेला नाही, हे बघा.

आता दुधनीच्या बाजारात या. समजा, आडत्याच्या वहीत एका शेतकऱ्याच्या नावे ५,००० रुपये उचल आहे. त्यातली २,००० ची नोंद दोनदा पडलेली निघाली आणि एक खोडली. हातात रुपया आला नाही, तरी कर्ज ३,००० वर आलं: −५,००० − (−२,०००) = −३,०००. उलट, त्याने आणखी ३,००० उचलले असते तर नावे ८,००० झाले असते. 'दोन वजा आले, म्हणजे ८,००० जमा' असं बाजारात कोणी म्हणेल का?

कर्ज कळतं, पण ऋण वस्तू पटत नाहीत. माकडांच्या एका गणितात भास्कराचार्यांना ५० आणि ५ अशी दोन उत्तरं मिळतात. ५ धरलं, तर मधल्या पायरीवर माकडांची संख्या −२ येते. लोकांना हे पटणार नाही, म्हणून ते उत्तर त्यांनी सोडून दिलं.

तेव्हा घरातलं मूल पुढच्या वेळी अडलं, तर 'वजा वजा अधिक' म्हणू नका. एवढंच विचारा: यात वजा कोणाला करायचंय?