काक्षीचे अंतर : एका लांबलेल्या मोजणीची कथा

#थ्रेड

१३ डिसेंबर १९२०. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत १०० इंची हूकर दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटी पोलादी तुळई बसवलेली होती. अल्बर्ट मायकेलसन यांच्या या युक्तीने फ्रान्सिस पीझ व जॉन अँडरसन यांनी मृगातील तांबूस काक्षीचा व्यास मोजला : ०.०४७ विकला. विकला म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास प्रथमच हाती आला.

पण हा झाला कोन. मैल हवे असतील तर अंतर हवे. तत्कालीन अंदाजाप्रमाणे काक्षी सुमारे १८० प्रकाशवर्षांवर होती. त्यावरून व्यास निघाला २४ कोटी मैल. कोन पुढे बराचसा टिकला, अंतर मात्र टिकले नाही.

अंतराची रीत १८३८ मध्ये बेसेलने घालून दिलेली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून जवळचा तारा वर्षभरात किंचित हेलकावताना दिसतो, हाच पराशय. काक्षीचा पराशय विकलेच्या जेमतेम पाच हजारांश भागांएवढा, आणि तिची तबकडी त्याच्या आठ-नऊ पट! त्यातच वृद्ध ताऱ्याचा पृष्ठभाग खदखदत असतो. तेजस्वी डाग सरकले की प्रकाशाचा मध्यही सरकतो. मग हेलकावा कोणता आणि डागांचा खेळ कोणता, हे कसे ओळखावे?

हिपार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या सूचीतून सुमारे ४३० प्रकाशवर्षे हे उत्तर आले. २००८ मध्ये ग्रॅहम हार्पर व सहकाऱ्यांनी त्याला न्यू मेक्सिकोतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या वेधांची जोड दिली. अनेक वर्षांच्या नोंदींतून ताऱ्याची स्वतःची चाल आणि पराशय यांची एकत्र उकल झाली : सुमारे ६४० प्रकाशवर्षे. मायकेलसनचा कोन तोच धरला, तरी २४ कोटी मैलांचे ८५ कोटी होतात.

ज्या वृद्ध ताऱ्यांभोवती मेसर आहेत, तेथे रेडिओचे काम अधिक सुकर. ताऱ्याने उधळलेल्या वायूतील पाण्याचे रेणू २२ गिगाहर्ट्झची लहर निसर्गतःच वर्धित करतात. हे ठिपके इतके रेखीव की त्यांची चाल महिन्यागणिक टिपता येते. जपानच्या ‘व्हेरा’ प्रकल्पाच्या २० मीटर व्यासाच्या चार अँटेनांनी बृहल्लुब्धकातील व्हीवाय या महाराक्षसी ताऱ्याचे अंतर असेच मोजले. ४,९०० प्रकाशवर्षांचा रूढ आकडा २००८ मध्ये सुमारे ३,७०० वर आला आणि ताऱ्याचे तेज एका झटक्यात सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तारा होता तसाच होता!

काक्षीला मात्र असे सोयीचे ठिपके लाभलेले नाहीत. २०१७ मध्ये अल्मा व ई-मर्लिन यांच्या नव्या रेडिओ वेधांनी तिला सुमारे ७२० प्रकाशवर्षांवर नेले; २०२० मध्ये ताऱ्याच्या स्पंदनांवरून मांडलेल्या गणिताने तीच ५५० च्या आसपास आणून ठेवली.